आतड्यात आतडं

ओगले डॉक्टरांच्या दवाखान्याला लिफ्ट नव्हती. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर आणि जिना मध्येच वळणारा. पेशंटला वर न्यायचं म्हणजे स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू काशीरामनं धरायची आणि पायाकडची जो कोणी हाताशी सापडेल त्यानं. वर चढताना काशीरामला उलट्या पावलांनी जावं लागे. वळणावरची एक पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच होती, तिथे तो न बघता पाय जास्त उचलायचा. सत्तावीस वर्षांत त्यानं एकाही पेशंटला धक्का लागू दिला नव्हता.

काशीराम नाखवा मूळचा उरणकडचा, मच्छीमाराच्या घरातला. पण होडीत पाय ठेवला की त्याला उलट्या सुरू व्हायच्या. बापानं दोन वर्षं वाट बघितली आणि मग सांगितलं, तू जमिनीवरच कायतरी बघ. चौऱ्याऐंशी साली तो पनवेलला आला, तेव्हा विनायक ओगले नावाचे तरुण सर्जन जुन्या गावात दोन मजली घर घेऊन दवाखाना थाटत होते. रक्त बघून ज्याला घेरी येणार नाही असा माणूस त्यांना हवा होता. काशीराम राहिला. आधी फरशी पुसण्यापुरता, मग हळूहळू सगळ्यालाच. पेशंटच्या पोटावरचे केस काढायचे, कपड्यांचे ड्रम निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये लावायचे, ऑपरेशन चालू असताना कोपऱ्यात उभं राहून रक्तानं भिजलेले कापडाचे बोळे मोजायचे, भूल उतरताना हातपाय झाडणाऱ्याला धरून ठेवायचं. पेशंट त्याला मामा म्हणत, सिस्टर मामा म्हणत, बाहेरून ऑपरेशनला येणारे डॉक्टरही 'मामा, लाइट जरा इकडे' म्हणत.

दुखणं सुरू झालं ते दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर. दुपारी ड्रममध्ये गाऊनच्या घड्या रचत असताना बेंबीच्या उजवीकडे एकदम मुरडा आला. ओलं फडकं दोन्ही हातांनी पिळावं तसं आतून काहीतरी पिळलं जात होतं. कपाळाला घाम सुटला. तो ड्रमवर डोकं टेकून बसला. पंधरा-वीस मिनिटांनी पोटात गुडगुडलं आणि कळ कुणीतरी हात काढून घ्यावा तशी निघून गेली. काशीरामनं उरलेले गाऊन रचले, झाकण लावलं आणि ड्रम आत सरकवला.

मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा. त्यानं ओवा खाल्ला, सोडा घेतला, मालूनं केलेली सुकटीची चटणी सोडली. मालू म्हणजे त्याची बायको. ती करंजाड्याच्या नाक्यावर मासळी विकायची. करंजाडे गावात त्यांच्या दोन खोल्या होत्या, भोवती नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते. तिथून काशीराम सकाळी सायकलवरून गाढी नदीचा पूल ओलांडून दवाखान्यात यायचा. डिसेंबरात पुलाच्या चढावर तो उतरून सायकल हातानं ढकलू लागला. मालूला ते कुणीतरी सांगितलं.

"दुकतंय का तुमचं काय?" तिनं विचारलं.

"दमतो जरा. वय झालं."

"पन्नास म्हंजे काय वय नाय."

 दमतो हे खोटं नव्हतं. सकाळी उठतानाच त्याला वाटायचं, आत्ता कुठे दिवस संपलाय आणि आता झोपायला मिळावं.

ओगले डॉक्टरांना त्यानं सांगितलं होतं. पण दवाखान्यात राबणाऱ्या माणसाला पेशंटांच्या रांगेत बसायची सवय नसते. त्यानं जिन्यात गाठलं. डॉक्टर एक हर्निया संपवून खाली ओपीडीला चालले होते. काशीराम म्हणाला, "साहेब, मधनं मधनं पोटात मुरडा येतो." डॉक्टरांनी तिथेच दोन बोटांनी पोट दाबलं. त्या वेळी काही दुखत नव्हतं. "ॲसिडिटी आहे. वेळेवर जेवत जा," म्हणाले आणि गोळ्यांचं नाव सांगून खाली गेले. तेही थकलेले होते. सकाळपासूनचं चौथं ऑपरेशन होतं ते.

गोळ्या महिनाभर घेऊन झाल्या. काशीराम सुट्टीच्या दिवशी खारघरला एका पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला, कारण आपल्याच माणसांना पुन्हा सांगायची त्याला लाज वाटत होती. तिथे पोहोचेपर्यंत कळ थांबलेली. दुर्बीण घशातून घालून जठर बघितलं, थोडी सूज आहे म्हणाले. रक्त तपासलं, ते जरा कमी निघालं. पुढच्या वेळीही तसंच. घरी गडाबडा लोळायचा आणि डॉक्टरांच्या टेबलावर आडवा झाला की पोट मऊ. तिसऱ्या खेपेला त्या डॉक्टरांनी सौम्य आवाजात विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" काशीराम उठून शर्टाची बटणं लावत म्हणाला, "नाय साहेब, टेन्शन काय नाय." बाहेर आल्यावर त्याला स्वतःचाच संशय आला. खरंच दुखतं का आपल्याला, की हे सगळं मनाचंच?

पण वजन उतरत होतं. थिएटरच्या पायजम्याची नाडी त्याला दोन वेढे घेऊन बांधावी लागत होती. मार्चमध्ये एकदा शौचाला शेंबडासारखं लालसर काही पडलं. ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. त्यामागे काय असू शकतं ते त्याला ठाऊक होतं. पोटातून काढलेले तुकडे बरणीत, फॉर्मलिनमध्ये घालून नातेवाइकांच्या हाती देताना तो त्यांना नेहमी एकच वाक्य सांगायचा, "सांभाळून न्या, सांडू नका." आठ दिवसांनी तेच नातेवाईक रिपोर्ट घेऊन यायचे. त्यांच्या चेहऱ्यांवरून काशीरामला पाकीट उघडायच्या आधी कळायचं. त्याला त्या बाजूला जायचंच नव्हतं.

एप्रिलच्या एका सकाळी ऑटोक्लेव्हच्या खोलीत जास्मीन सिस्टर आल्या, तेव्हा काशीराम भिंतीशी गुडघे टेकून, पोट दोन्ही हातांनी धरून बसला होता. जास्मीन सिस्टर पनवेलच्याच. थिएटर त्या सांभाळत आणि काशीरामबरोबर त्यांनी पंधरा वर्षं काढली होती. त्यांनी त्याला तिथेच कपड्यांच्या गाठोड्यांवर आडवं केलं.

"हात काढा मामा. बघू द्या."

"सिस्टर, जाईल आपोआप."

"हात काढा म्हटलं ना."

त्यांनी उजव्या कुशीवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. बरगडीखाली वीतभर लांबीचं काहीतरी हाताला लागत होतं, पडवळाच्या तुकड्यासारखं, जरा वाकडं. त्यांनी डॉक्टरांना हाक पाठवली. डॉक्टर ओपीडीतून वर येईपर्यंत दहा मिनिटं गेली. तोवर पोट गुडगुडलं, काशीराम सैल पडला, आणि डॉक्टरांच्या हाताला काहीच लागलं नाही.

"स्नायू आवळला असेल," डॉक्टर म्हणाले.

"सर, मी हातानं बघितलंय. गाठ होती."

"कुठे आहे मग?"

जास्मीन सिस्टर त्यांच्याशी वाद घालत नसत. डॉक्टर गेल्यावर त्या काशीरामकडे वळल्या. "पुढच्या वेळी तकलीफ झाली की सहन करत बसायचं नाही. लगेच मला हाक मारायची. दुखणं जायच्या आत आपल्याला सोनोग्राफीला पोचायचंय."

ती वेळ सहा दिवसांनी आली, सकाळी अकराला. काशीरामनं हाक मारली. सिस्टरनी हातातला ट्रे ठेवला, त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं जिना उतरून समोरच्या गल्लीत डॉक्टर तौसीफ परकारांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरली. बाहेर पाणी पिऊन पोट तुंबवलेल्या सात-आठ गरोदर बायका बसल्या होत्या. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "माफ करा, ह्यांचं आत्ताच बघायला पाहिजे." एक बाई कुरकुरली. काशीरामचं वाकलेलं अंग बघून तिनंच दार उघडून दिलं.

तौसीफ डॉक्टरांनी पोटावर जेल लावून यंत्राचा हात फिरवला. एका ठिकाणी थांबले. तिथेच पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. मग पडदा काशीरामकडे वळवला.

"मामा, हे दिसतंय? वर्तुळात वर्तुळ?"

काळ्या पडद्यावर कांदा आडवा कापल्यासारखी एकात एक कडी दिसत होती.

"हे तुमचं लहान आतडं. जिथे ते मोठ्या आतड्याला जोडलेलं असतं, तिथून ते मोठ्याच्या आत शिरलंय. लांबचं बघायच्या दुर्बिणीची एक नळी कशी दुसरीत सरकते, तसं. सरकलं की दुखतं, सुटलं की थांबतं. म्हणून कुणाला सापडत नव्हतं."

काशीरामला दुर्बिणीच्या दाखल्याची गरज नव्हती. पूर्वी रबरी हातमोजे धुऊन, वाळवून पुन्हा वापरत. डॉक्टर ते घाईत ओढून काढत आणि मोज्याची बोटं उलटी होऊन आत शिरत. काशीराम प्रत्येक मोज्याचं तोंड मुठीत धरून आत फुंकायचा, की बोट फट्कन बाहेर यायचं. असे हजारो मोजे त्यानं फुंकले होते. त्याला झटक्यात समजलं.

"पोरांना होतं ना हे?" त्यानं विचारलं.

"पोरांना होतं, हो. त्यांच्यात बरेचदा काही कारण नसतं."

"आन् मोठ्या माणसाला?"

 "मोठ्यांमध्ये बहुतेक वेळा टोकाला काहीतरी असतं. गाठ म्हणा. आतडं तिला पुढे ढकलायला बघतं आणि तिच्यामागे स्वतःच ओढलं जातं. कसली गाठ ते मी इथून सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाला, त्यातही तेच दिसलं. संध्याकाळी ओगले डॉक्टरांनी मालूला बोलावून घेतलं आणि दोघांना आपल्या टेबलासमोर बसवलं. त्या खुर्च्या काशीराम रोज पुसायचा. बसला तो आज पहिल्यांदा, आणि त्याला त्या फार बुटक्या वाटल्या.

"काशीराम, तू मला जिन्यात सांगितलंस," डॉक्टर म्हणाले, "आणि मी जिन्यातच ऐकलं. चूक माझी आहे."

काशीराम पायांकडे बघत राहिला. मालू सरळ डॉक्टरांकडे बघत होती.

"ऑपरेशन करायला लागेल. मी म्हणतो, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जा. मी चिठ्ठी देतो, ओळखीचे सर्जन आहेत."

"हितंच करा," काशीराम म्हणाला.

"अरे, घरच्या माणसावर हात चालत नाही. कळतंय का तुला?"

"मी बगितलाय ना साहेब तुमचा हात. दुसऱ्या कुणाचा मी कशाला बगू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. सोमवारचा दिवस ठरला.

पण आतड्यानं सोमवारची वाट बघितली नाही. शनिवारी सकाळी कळ आली ती गेलीच नाही. दुपारपर्यंत पोट मडक्यासारखं फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या, खालून वारा सरायचा बंद झाला. मालूनं पाट्यांतली मासळी शेजारणीच्या हवाली केली आणि रिक्षा करून त्याला दवाखान्यात आणलं. जास्मीन सिस्टरनी सलाईन लावलं, नाकातून नळी घातली. ती गिळताना काशीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेकडो लोकांना त्यानं 'गिळा, गिळा, पाण्यासारखी गिळा' म्हणून सांगितलं होतं. नळी पाण्यासारखी मुळीच नव्हती. बाटलीत हिरवं पाणी भरत गेलं तसं पोट जरा हलकं झालं.

"आता थांबता येणार नाही," डॉक्टर मालूला म्हणाले. "आत रक्त पोचायचं थांबलं तर आतडं काळं पडेल. चार वाजता घेतो."

स्ट्रेचर जिन्याशी आणलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. डोक्याकडची बाजू कुणी धरायची हा प्रश्न त्या दवाखान्यात कधी पडलाच नव्हता. काशीराम उठून बसला. "मी चालत जातो," म्हणाला. मालूनं सलाईनची बाटली उंच धरली, सिस्टरनी काखेत हात घातला आणि तो एकेका पायरीवर थांबत वर गेला.

टेबलावर पाठ टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की ह्या खोलीचं छत त्यानं कधी बघितलंच नव्हतं. मोठ्या दिव्याशेजारी रंगाचे पोपडे सुटले होते आणि एका कोपऱ्यात जुन्या ओलीचा पिवळा डाग होता. भूल द्यायला डॉक्टर मारिया आल्या होत्या. पनवेल ते खारघर अशा चार-पाच दवाखान्यांत त्या गाडी घेऊन फिरायच्या, शनिवारी त्यांचेही डोळे सुजलेले असत.

"मामा, दात सगळे पक्के ना? कवळी वगैरे?"

"पक्के हायत." मग त्याला आठवलं. "मॅडम, सक्शनच्या दुसऱ्या बाटलीचं झाकण सैल हाय. हातानं दाबून धरायला सांगा कुणालातरी."

"सांगते. आता डोळे मिटा."

पुढचं त्याला जास्मीन सिस्टरनी नंतर सांगितलं, दोनतीन वेळा विचारल्यावर. पोट मधोमध उघडलं. लहान आतडी फुगून दंडाएवढी झालेली, भराभर बाहेर यायला लागली. उजवीकडे मोठं आतडं हाताला घट्ट लागत होतं आणि लहान आतडं त्याच्या पोटात गडप झालेलं. डॉक्टरांनी ते सगळं दोन्ही तळव्यांत धरलं आणि तसेच उभे राहिले.

"मला वाटलं, आता दाबून बाहेर काढतील," सिस्टर म्हणाल्या. "लहान मुलांचं तसंच करतात. खालून हळूहळू दाबत आणलं की सुटतं. पण सर बोलले, नको. आत काय आहे ते माहीत नाही. दाबलं, पिळलं आणि ते वाईट निघालं तर पसरेल. जसं आहे तसं, सगळंच्या सगळं काढायचं."

म्हणून त्यांनी शिरलेलं आणि ज्यात शिरलं होतं ते, दोन्ही मिळून हातभर आतडं कापून काढलं. उरलेली दोन टोकं समोरासमोर आणून शिवली, दोन पदरी, एकेक टाका हातानं. लहान टोक मोठ्याला जुळवायला वेळ लागला. मध्ये एकदा डॉक्टर थांबले, खांदे सैल सोडले आणि म्हणाले, "बोळे किती?" आणि कोपऱ्याकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. सिस्टरनी स्वतः मोजले. पोट बंद करायच्या आधी त्यांनी ते तीनदा मोजले.

कापलेला भाग बरणीत घालून, रीतीप्रमाणे, नातेवाइकांच्या हाती द्यायचा होता. मुलगी समृद्धी कॉलेजातून थेट आली होती, पण ती बरणी बघून भिंतीला टेकली. मालूनं हात पुढे केला. जन्म मासळी साफ करण्यात गेलेली बाई ती. तिनं बरणी उजेडाकडे धरून नीट बघितली, पदराखाली घेतली आणि लॅबपर्यंत चालत गेली. लॅबमधल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचे कोण?" मालू म्हणाली, "बायको. लवकर बगा."

पहिले दोन दिवस काशीराम झोपेत आणि जागेपणी सारखंच पाणी मागत होता. पाणी द्यायचं नव्हतं. ओल्या कापसानं ओठ पुसायचे, एवढंच. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे, पोटावर स्टेथोस्कोप टेकवून बराच वेळ ऐकायचे आणि विचारायचे, "वारा सरला?" हा प्रश्न काशीरामनं आजवर इतक्या जणांना विचारला होता की त्यात काही लाजण्यासारखं आहे हे तो विसरून गेला होता. आता समोर पोरगी बसलेली असताना त्याला मान हलवून 'नाही' म्हणावं लागत होतं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर आले ते खुर्ची ओढून खाटेजवळ बसूनच राहिले. शिवलेल्या जागी गळती लागली तर काय होतं हे काशीराम जाणून होता. अशी दोन माणसं त्यानं पुन्हा वर नेली होती, त्यातलं एकच खाली आलं. दोघांपैकी कुणीही तो शब्द काढला नाही. डॉक्टरांनी पोट चारी बाजूंनी दाबलं, मग पाठीला कान लावला.

"खोकत का नाहीस तू?"

"टाके वडतात."

"छातीत कफ साठलाय. उशी पोटाशी धर आणि खोक. दुखलं तरी खोक." डॉक्टरांनी स्वतः उशी दिली आणि पाठीवर हात ठेवला. काशीराम खोकला. डोळ्यांपुढे अंधारी आली. पण संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

त्याच दिवशी त्यानं जिन्यावर पावलं ऐकली. ऑपरेशनचा पेशंट वर चालला होता. वाहून नेण्यासाठी गणू नावाच्या माणसाला तात्पुरतं घेतलं होतं, तिशीतला, अंगानं भक्कम. वळणावर स्ट्रेचर भिंतीला आपटलं आणि कुणीतरी 'अगं आई' म्हणून कण्हलं. काशीराम छताकडे बघत पडून राहिला. उठावं असं त्याला वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. फक्त बरं वाटलं, की आज ते वजन आपल्या हातांवर नाही.

पाचव्या दिवशी सकाळी वारा सरला. मालू तेव्हा चादर बदलत होती. "सुटलं," तो म्हणाला. तिनं चादर टाकून सिस्टरना सांगायला बाहेर धाव घेतली. दुपारी चमच्यानं पाणी मिळालं, दोन चमचे. ते तोंडात धरून ठेवून त्यानं हळूहळू गिळलं.

रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत नवरा-बायको त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीत. मालू सकाळी मासळी विकून यायची, भाताची पेज भरवायची आणि नाक्यावर कोण काय म्हणालं ते सांगत बसायची. काशीराम 'हं' म्हणायचा.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. काशीरामनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला काही वाचता आलं नाही.

"चरबीची गाठ," डॉक्टर म्हणाले. "लिंबाएवढी. कॅन्सर नाही. बाकी काही नाही. पुन्हा होण्याचं कारण नाही."

 काशीरामनं डोळे मिटले आणि डॉक्टर खोलीत असतानाच त्याला झोप लागली. इतक्या महिन्यांनी लागलेली ती पहिली खरी झोप असावी.

मालू मात्र उभीच होती. "डाक्टर, चरबीचीच व्हती, तर मग येवडं कापलं कशाला?"

डॉक्टर तिच्याकडे वळले. "वरून ओळखता येत नाही, मालूबाई. मोठ्या माणसाच्या मोठ्या आतड्यात असं झालं की पुष्कळदा आत कॅन्सर निघतो. मी ते दाबून सोडवलं असतं आणि निघाला असता, तर मीच तो सगळ्या पोटात पसरवला असता. चरबीची आहे हे मलाही आज कळतंय."

"आन् सा म्हयने आदी बगितलं असतं तर?"

"तरी कापावं लागलंच असतं. पण त्याचे सहा महिने हाल झाले नसते."

मालूनं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नुसतं ऐकलं म्हणून, ते डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी काशीरामच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि ते ओपीडीला गेले.

तीन महिने वजन उचलायचं नव्हतं. पोटाला पट्टा बांधून काशीराम करंजाड्याच्या दारात बसायचा. जेवलं की लगेच शौचाला पळावं लागायचं, ते कमी व्हायला वर्ष गेलं. महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागे, कापलेल्या भागामुळे अंगात कसलंसं जीवनसत्त्व मुरत नाही म्हणून. ऑगस्टात तो कामावर परत आला. डॉक्टरांनी त्याला ड्रम भरायला आणि बोळे मोजायला ठेवलं, स्ट्रेचरला हात लावायची बंदी केली. गणू कायमचा झाला. काशीरामनं त्याला वळणावरच्या त्या पायरीचं सांगितलं. गणू म्हणाला, "हो मामा, कळली ती मला." आठवड्याभरानं त्यानं पुन्हा भिंतीला धडक दिली.

सगळे म्हणत, नशीब काढलंस, चांगलं निघालं. काशीरामही हो म्हणायचा. पण आनंद असा काही त्याला सापडत नव्हता. दुपारी चारनंतर पाय जड व्हायचे, ऑटोक्लेव्हच्या खोलीतली ऊब अंगावर यायची आणि तो स्टुलावर भिंतीला टेकून बसायचा. एकदा जास्मीन सिस्टर शेजारी येऊन बसल्या.

"मामा, अजून दुखतं का?"

"दुकत नाय. पण सिस्टर, आदी मी दमायचो तेव्हा वाटायचं, ह्ये दुकण्यामुळं. आता दुकणं गेलं. दमणं हायच."

"सत्तावीस वर्षं झाली ना मामा."

"आता अठ्ठावीस."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनाही घरी जाऊन सासूची औषधं बघायची होती. खालून घंटा वाजली आणि सिस्टर उठून गेल्या.

दोन हजार चौदा साली ओगले डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. त्यांचा मुलगा परदेशात होता आणि आसपास लिफ्टवाली, मोठी हॉस्पिटलं उभी राहिली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी काशीरामला जुना मोठा ड्रम देऊ केला. मालूनं तो धुऊन त्यात तांदूळ भरले. काशीराम करंजाड्यातल्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर बसू लागला. बसून करायचं काम, गाड्यांचे नंबर लिहायचे, एवढंच.

दुपारी मालू डबा घेऊन येते. एकदम जेवलं तर पोट बिघडतं, म्हणून तो अर्धी भाकरी आणि दोन घास कालवण खातो, मग डबा झाकून ठेवतो. मालू पाट्या रिकाम्या करून आलेली असते, तिची कंबर धरलेली असते. ती गेटच्या सावलीत पाय पसरून बसते. तासाभरानं तो डबा पुन्हा उघडतो. तोवर ती बसल्या जागी डुलकी काढत असते, आणि तो तिला उठवत नाही.